चाक शेताचे, रस्ता सर्वांचा

सार्वजनिक खजिन्यात पैसा कोणत्या वाटेने येतो, याची चर्चा आपल्याकडे बहुधा अर्थसंकल्पाच्या सप्ताहात सुरू होते आणि त्या सप्ताहाबरोबरच संपते. आयकराचे टप्पे, वस्तू व सेवा कराचे दर, पेट्रोलचा भाव यांवर कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून वाद झडतात. कारण हे कर प्रत्येकाच्या खिशाला थेट भिडतात. परंतु काही कर असे असतात की त्यांची रक्कम लहान असते आणि त्यांच्यामागचा प्रश्न मोठा असतो. मुळात रस्त्यासाठी न घडवलेल्या वाहनांची नोंदणी, तिचे शुल्क आणि तिच्या पाठोपाठ येणारा कर हा त्यांपैकी एक. शेतातला ट्रॅक्टर, खाणीतला डंपर, कालव्याच्या भरावावर राबणारा जेसीबी, इमारतीच्या आवारातली क्रेन ही सारी या वर्गातली वाहने. त्यांचे खरे काम रस्त्याबाहेर चालते, पण कामाच्या जागी पोहोचायला त्यांना रस्ता लागतो. त्यांच्याकडून सरकारने काय घ्यावे, कशासाठी घ्यावे आणि घेतलेल्या पैशाचे काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयाला अलीकडे निमित्तही घडले आहे. अर्थमंत्री अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी विधिमंडळात मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात क्रेन, कॉम्प्रेसर, एक्स्कॅव्हेटर यांसारख्या बांधकामाच्या वाहनांवर किमतीच्या ७ टक्के इतका एकरकमी मोटार वाहन कर घेण्याचा प्रस्ताव होता. त्यातून सुमारे १८० कोटी रुपये अधिक महसूल मिळेल, असा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. ३० लाख रुपयांच्या यंत्रावर हा कर २ लाख १० हजार रुपये होतो. दुसरीकडे, शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एका रस्त्याबाहेरच्या वाहनावर भार वाढला, दुसऱ्याचा हलका झाला. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येईल. मात्र वाहनावर कर कोणत्या तत्त्वावर बसवावा, या मूळ प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एकातही मिळत नाही.

महामार्गाकाठचे गाव

हा प्रश्न कागदावर जितका कोरडा दिसतो तितका तो गावात कोरडा राहत नाही. जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे गाव घ्या. ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान, कल्याण-नगर महामार्गाच्या काठी ते वसले आहे. पश्चिमेला माळशेज घाट चढून आलेली कोकणातली वाहतूक आणि पूर्वेला आळेफाट्यावर छेदणारा पुणे-नाशिक मार्ग, या दोहोंमधला हा पट्टा. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे रूप पालटले. ज्या शिवारात बाजरी व्हायची तेथे ऊस, कांदा, टोमॅटो आणि भाजीपाला आला. उसाबरोबर शिरोलीचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या फडात बिबट्याही आला आणि त्याने या गावांना वेगळीच कीर्ती मिळवून दिली. या सगळ्यांच्या जोडीने ट्रॅक्टरही आला, तो मात्र कोणाच्या बातमीचा विषय झाला नाही.

या भागातल्या ट्रॅक्टरची दिनचर्या पाहिली की आपल्या वाहन कायद्याची अडचण ध्यानात येते. पावसाळ्यापूर्वी तो नांगरतो, रोटाव्हेटर ओढतो. पश्चिमेच्या भातखाचरांत लोखंडी चाके चढवून तो चिखलणी करतो. पीक निघाले की कांद्याच्या गोण्या घेऊन ओतूर किंवा आळेफाट्याच्या बाजारात जातो. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडून दुसऱ्यांचा ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोहोचवतो. हंगाम सरला की घराच्या पायासाठी मुरूम, बांधकामासाठी खडी, उन्हाळ्यात टँकरने पाणी, लग्नसराईत मांडवाचे सामान, असे मिळेल ते भाडे तो करतो. एकाच वाहनाची ही चार-पाच रूपे आहेत. नोंदणी पुस्तकात मात्र त्याचे एकच रूप लिहिलेले असते: शेतीचा ट्रॅक्टर.

व्याख्येची लक्ष्मणरेषा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या करताना तो शेतातल्या निरनिराळ्या कामांसाठी अवजारे जोडून, किंवा शेतमालासाठी ट्रेलर जोडून चालवण्याचे चारचाकी वाहन आहे असे म्हटले आणि तो वाहतुकीच्या वर्गातला नाही, हेही स्पष्ट केले. म्हणून त्याच्या पाटीचा रंग पिवळा नसून पांढरा असतो. शेतीच्याच कामी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला राज्याच्या मोटार वाहन करातून सूट असते. भाड्याने मालवाहतूक करायची तर नोंद त्याप्रमाणे बदलावी, परवाना घ्यावा, कर भरावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ट्रॉलीलाही स्वतंत्र नोंदणी क्रमांक लागतो.

बांधकामाच्या यंत्रांसाठी याच नियमांत वेगळी व्याख्या आहे. ज्याचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे आहे आणि जे रस्त्यावर केवळ आनुषंगिक म्हणून, थोडा वेळ, ताशी ५० किलोमीटरच्या आत चालते, ते बांधकाम साधन वाहन. जे केवळ बंदिस्त आवारात किंवा खाणीत वापरण्यासाठी घडवलेले आहे आणि स्वतःच्या बळावर सार्वजनिक रस्त्याने जाऊच शकत नाही, ते या व्याख्येत येत नाही. १९८८ च्या मूळ कायद्यानेही रुळांवर चालणारी आणि फक्त कारखान्याच्या वा बंदिस्त आवाराच्या वापरासाठी बनवलेली खास वाहने ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून वगळली आहेत.

या रेषेवर न्यायालयात पन्नास वर्षे वाद चालला आहे. बोलानी ओअर्स विरुद्ध ओरिसा राज्य या १९७४ च्या खटल्यात खाणीतले डंपर नोंदणीला पात्र ठरले. परंतु ते मालकाच्या आवारातच चालतात तोवर त्यांच्यावर कर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या कायद्याच्या आधारे दिला. पुढे १९९२ मध्ये सेंट्रल कोलफिल्ड्सच्या खटल्यात याच न्यायालयाने खाणीतली अवजड वाहने रस्त्यावर चालण्याजोगी आहेत आणि म्हणून करपात्र आहेत, असे म्हटले. हवेचे टायर हा त्यातला एक बोलका पुरावा ठरला. आता २९ ऑगस्ट २०२५ च्या निकालात चक्र पुन्हा फिरले आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात एका वाहतूक कंपनीची ३६ वाहने भिंतीआड, पहाऱ्यातल्या दारांमागे काम करीत होती. ती सार्वजनिक जागेत चालत नाहीत, तेव्हा त्या काळासाठी मोटार वाहन कराची मागणी टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. जो सार्वजनिक रस्ता वापरतो त्याने त्याचे मोल द्यावे, या भरपाईच्या तत्त्वावर हा कर उभा आहे, असे त्या निकालाचे सार आहे.

हे तत्त्व राज्यघटनेच्याही आशयाशी जुळते. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीने राज्यांना वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार दिला तो ‘रस्त्यांवर वापरण्यास योग्य’ अशा वाहनांपुरता. म्हणजे या कराचे नाते मालकाच्या श्रीमंतीशी जोडलेले नाही, वाहनाच्या किमतीशीही मूलतः नाही. ते जोडलेले आहे रस्त्याशी. हा धागा सुटला की हा कर विक्रीकराचेच दुसरे नाव होऊन बसतो.

चूक दोन्ही बाजूंनी

रस्त्याचा वापर हाच निकष मानला तर आजची व्यवस्था दोन्ही बाजूंनी चुकते, असे दिसून येईल.

पहिली बाजू शेतकऱ्याच्या हिताची आहे. ट्रॅक्टर शेतात नांगरतो तेव्हा डांबराला त्याचा स्पर्शही होत नाही. पण त्या नांगरटीत जळणाऱ्या डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर शेतकरी भरतोच. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया असा हा उपकर आला. २०१८ च्या अर्थसंकल्पाने रस्ते व पायाभूत सुविधा उपकर या नावाने तो लिटरमागे ८ रुपये केला. पुढे त्याचे दर वर-खाली झाले. ब्रिटनमध्ये शेतीच्या कामासाठी कमी कराचे, लाल रंग घातलेले डिझेल वेगळे मिळते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तेथे बांधकामासह अनेक धंद्यांची ही सवलत काढून घेण्यात आली, पण शेतीची ठेवली गेली. आपल्याकडे असा भेदच नाही. पंपावरची नळी शेतासाठी निराळी आणि सडकेसाठी निराळी नसते. म्हणून ‘ट्रॅक्टरवाले रस्त्यासाठी काहीच देत नाहीत’ हा शहरी आक्षेप अज्ञानमूलक आहे. ज्या तासांत ते रस्ता वापरत नाहीत, त्या तासांचेही ते देत असतात.

दुसरी बाजू तितकी सोयीची नाही. हाच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून महिनोन्‌महिने सडकेवर असतो तेव्हा पांढऱ्या पाटीमुळे तो वाहतूकदार ठरत नाही आणि त्याच वाटेने तोच माल नेणारा ट्रक मात्र कर भरतो. ऊस हा शेतमाल खरा. पण दुसऱ्याचा ऊस भाड्याने नेणे हा वाहतुकीचा धंदा आहे, आणि मुरमाला तर शेतमाल म्हणण्याची सोयही नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा येथे १९५०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या रस्ता-चाचण्यांतून अभियंत्यांनी एक ढोबळ नियम काढला: रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला की झीज सुमारे सोळा पट. महामार्गाची जाड फरशी हा भार काही काळ सोसते. फडापासून महामार्गापर्यंत येणारा ग्रामीण रस्ता तो सोसू शकत नाही, कारण तो तेवढ्या भारासाठी बांधलेलाच नसतो. त्यात चिखलणीची लोखंडी चाके न काढता कोणी खाचरातून थेट डांबरावर चढला, तर एका फेरीत पडलेले ओरखडे पुढच्या पावसात खड्डे होतात.

नोंदणीचा संबंध केवळ पैशाशी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सार्वजनिक जागी वाहन चालवायचे तर त्रयस्थाच्या हानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि नोंदणीच नसेल तर विम्याचा पायाच कच्चा राहतो. गळीत हंगामाच्या रात्री मागे दिवा नसलेली, परावर्तक नसलेली, क्रमांकही नसलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते आणि दुचाकीवरून घरी निघालेला एखादा तरुण तिच्यावर आदळतो. अशा वेळी भरपाई कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्याच्या घरच्यांसमोर वर्षानुवर्षे उभा राहतो. सरकारी रुग्णालयाचा खर्च, मदतनिधीची रक्कम, कोर्टाचे वर्ष, हे सारे शेवटी सार्वजनिक पैशातूनच जाते. नोंदणीचे वाचवलेले चार पैसे अशा रीतीने कितीतरी पटींनी समाजाच्या खात्यावर पडतात.

पैसा कोणाच्या पेटीत?

आता प्रश्नाचा दुसरा भाग. समजा, योग्य तो कर योग्य त्या वाहनाकडून घेतला गेला. तो जातो कोठे? जुन्नर आणि आंबेगावच्या वाहनांची नोंद पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात एमएच-१४ या अक्षरांखाली होते. कराची रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. तेथून ती पगाराला जाते, निवृत्तिवेतनाला जाते, कर्जाच्या व्याजाला जाते आणि रस्त्यांनाही जाते. रस्ते मात्र निरनिराळ्या मालकांचे आहेत. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शेताच्या बांधालगतच्या पाणंदी तर कित्येक ठिकाणी कोणाच्याच नसल्यासारख्या असतात. जेथे झीज सर्वांत जास्त होते, तेथल्या संस्थेच्या हाती या करातला हक्काचा वाटा नाही.

यातली विसंगती एका उदाहरणाने लक्षात येईल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील करांच्या यादीत सायकली आणि जनावरांनी ओढावयाच्या गाड्या आहेत. मोटार वाहनांवरचा कर मात्र राज्याचा. त्याचा कायदाही १९५८ चाच. म्हणजे लोखंडी धावेची बैलगाडी गावच्या रस्त्याने गेली तर तिच्यावर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, आणि शेकडो पोती वजनाची ट्रॉली त्याच रस्त्याने गेली तर गावाने ती नुसती पाहायची. हे दोन्ही कायदे झाले त्या वर्षी गावात बैलगाड्या अनेक होत्या आणि ट्रॅक्टर एखादाच. आज ते प्रमाण उलटे झाले आहे, यादी मात्र तशीच आहे.

वाटेचा पैसा वाटेवरच घ्यावा, ही कल्पना या तालुक्याला नवी नाही. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहन काळात कोकणातून चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते. परंपरेतला तपशील इतिहासकारांनी तपासावा. पण जो घाट वापरतो त्याने घाटासाठी द्यावे, हा व्यवहार लोकस्मृतीने दोन हजार वर्षे जपला, एवढे खरे. इंग्रजी अमलातही १८६९ च्या मुंबई कायद्याने शेतसाऱ्यावर उपकर बसवून लोकल फंड उभारला. त्यातून खेड्यापाड्यांचे रस्ते झाले आणि शाळाही चालल्या. ‘लोकल फंडाचा रस्ता’ हा शब्दप्रयोग आपल्या आजोबांच्या बोलण्यात होता. पैसा कोठून आला आणि कोठे लागला, हे त्या एका शब्दात सामावलेले होते.

मोटारी आल्यावर हाच विचार देशाच्या पातळीवर मांडला तो एका मराठी माणसाने. बॅ. मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारांना आणि स्थानिक संस्थांना एकट्याने पेलणारा नाही, आणि मोटारींमुळे वाढलेल्या खर्चाचा वाटा मोटारींनी उचलावा, असा तिचा निष्कर्ष होता. त्याला अनुसरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. स्वतंत्र भारतात २००० साली त्यासाठी कायदा झाला आणि त्याच्या मूळ रूपात डिझेलवरील उपकराचा अर्धा हिस्सा ग्रामीण रस्त्यांसाठी राखलेला होता. २०१८ मध्ये या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि त्याची व्याप्ती रस्त्यांपलीकडे गेली. जयकरांनी आखलेली सरळ रेषा तेथे पुसट झाली.

राखीव पैशाचे भवितव्य

एखाद्या कामासाठी म्हणून घेतलेला पैसा त्याच कामाला लावावा, ही गोष्ट या पानाच्या वाचकांना परकी नाही. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची व्यवसायकराची कपात असते. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमी योजनेचा पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या नोकरदाराने द्यावे आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळावे, अशी ती सांगड होती. पैसा कशासाठी जातो हे ठाऊक असल्याने नोकरदारांनी तो फारशी कुरकुर न करता दिला. २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तिचाही खर्च रोजगार हमीच्याच वाटेने भागवण्याचे ठरले. म्हणजे पुण्यातल्या शिक्षकाच्या पगाराचा आणि जुन्नरच्या पाणंदीचा संबंध आहे; पण त्या पाणंदीवरून रोज जाणाऱ्या ट्रॉलीच्या नोंदणीचा आणि पाणंदीचा संबंध नाही.

परदेशात रस्त्याबाहेरच्या वाहनांच्या नोंदणीचा पैसा वेगळा ठेवल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये कायदा करून डोंगरात, वाळवंटात हौसेने फिरवल्या जाणाऱ्या वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क आणि या वाहनांनी जाळलेल्या इंधनावरील कराचा भाग एका स्वतंत्र निधीत टाकून त्यातून वाटांची देखभाल आणि झिजलेल्या जमिनीची दुरुस्ती करावी, अशी ही योजना. आपल्याकडे रस्त्याबाहेरचे वाहन हौसेचे नाही, पोटाचे आहे. तरीही त्यातला न्याय सारखाच लागू पडतो: जी जमीन झिजते, तिच्यासाठी पैसा.

मात्र राखीव निधीचा इतिहास निर्भेळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९०९ साली लॉइड जॉर्ज यांनी मोटारींच्या करातून रस्ता-सुधारणेसाठी निधी राखला. १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्यातला पैसा सर्वसाधारण खर्चाकडे वळवला, आणि पुढे काही वर्षांत ती राखीव व्यवस्थाच संपली. साठलेला पैसा अडचणीतल्या अर्थमंत्र्याला नेहमीच खुणावतो. अर्थशास्त्रज्ञ आणखी एक आक्षेप घेतात. प्रत्येक कराची वेगळी पेटी केली तर शासनाचे हात बांधले जातात. एका पेटीत पैसा पडून राहतो आणि दुसरीकडे रुग्णालयाला औषध नसते. हा आक्षेप वजनदार आहे. म्हणून संपूर्ण कर राखीव ठेवावा, असे येथे सुचवायचे नाही. काही ठराविक वाटा, तोही खालच्या संस्थेला आणि उघड हिशेबासह द्यावा, एवढेच म्हणणे आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, पाटीकडे न पाहता कामाकडे पाहावे. स्वतःच्या शेतात आणि स्वतःच्या शेतमालासाठी चालणाऱ्या ट्रॅक्टरची सूट अबाधित ठेवावी. तिला हात लावणे अन्यायाचे होईल. परंतु गळीत हंगामात भाड्याने ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरसाठी अल्प दराचा हंगामी परवाना असावा. यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. साखर कारखाना तोडणी व वाहतुकीचे करार करतो, बिले काढतो, त्यांतून कपातीही करतो. हंगामी कर तेथेच कापून घेता येईल. मुरूम, खडी आणि पाणी सरकारी कामांसाठी वाहणाऱ्यांच्या बिलातूनही हे शक्य आहे.

दुसरी गोष्ट, ट्रॉलीची नोंदणी स्वस्त आणि जवळ असावी. शुल्क आणि कर यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच विशद केला आहे: कर हा राज्याच्या सर्वसाधारण गरजेसाठी असतो, शुल्क हे एखाद्या सेवेच्या बदल्यात असते. नोंदणीचे शुल्क हे शुल्कच राहिले पाहिजे. ते वाढवून खजिना भरू पाहणाऱ्याला पैसा कमी आणि चुकवेगिरी अधिक मिळेल. एका कागदासाठी शेतकऱ्याला ट्रॉली घेऊन शंभर किलोमीटरचा हेलपाटा पडत असेल आणि त्यात दोन दिवसांचे काम बुडत असेल, तर ट्रॉल्या बिननोंदणीच्या राहिल्याचे आश्चर्य वाटू नये. ओतूरच्या किंवा आळेफाट्याच्या बाजार आवारात हंगामापूर्वी शिबिर भरवावे. तेथेच क्रमांक द्यावा, परावर्तक लावावे, विमा करून द्यावा. एका शिबिराचा खर्च एका अपघाताच्या खर्चापेक्षा कमीच असेल.

तिसरी गोष्ट बांधकामाच्या यंत्रांची. ७ टक्के कराने खजिन्यात भर पडेल, यात शंका नाही. पण ऑगस्ट २०२५ च्या निकालानंतर भिंतीआड राबणाऱ्या यंत्रांचे मालक न्यायालयाची वाट धरू शकतील आणि भरलेला पैसा परत मागू शकतील. कर घेऊन तो व्याजासह परत करण्याची वेळ येण्यापेक्षा, बंदिस्त आवारातल्या यंत्राला स्वच्छ सूट आणि रस्त्यावर उतरणाऱ्याला स्वच्छ कर असा भेद आधीच नियमात लिहिलेला बरा. सूट घेतलेले यंत्र रस्त्यावर सापडले तर दंड जबर असावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाट्याची. ज्या तालुक्यात ही वाहने नोंदली जातात, त्या तालुक्याच्या ग्रामीण रस्त्यांसाठी या करातला निश्चित भाग जिल्हा परिषदेकडे दरवर्षी वर्ग व्हावा, आणि किती आला व कोणत्या रस्त्याला लागला, याचा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पिंपरी पेंढारच्या ग्रामस्थाला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा हिशेब वाचता आला, तर तो दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत प्रश्न विचारील. आज त्याला कर दिसतो आणि खड्डा दिसतो. दोहोंमधली वाट दिसत नाही.

शेतकऱ्यावर आणखी ओझे नको, असे कोणी म्हणेल. भाव पडलेला कांदा आणि थकलेले उसाचे बिल पाहता ही भावना रास्त आहे. परंतु खराब रस्त्याचा कर शेतकरी आजही भरतोच आहे. तो फुटलेल्या टायरच्या, तुटलेल्या पाट्याच्या, बाजारात उशिरा पोहोचून हुकलेल्या लिलावाच्या रूपाने भरतो. त्याची पावती मिळत नाही आणि त्यातून रस्ताही होत नाही. पावती मिळणारा आणि गावच्या सडकेवर दिसणारा थोडा कर या अदृश्य करापेक्षा हलकाच ठरेल.

१८० कोटी रुपये ही राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने मोठी रक्कम नव्हे. पण करदात्याचा विश्वास मोठ्या रकमांवर ठरत नसतो. ज्याने दिले त्याला दिल्याचे फळ आपल्या वाटेवर दिसले पाहिजे. त्यासाठी कायद्यातल्या व्याख्या वापराप्रमाणे सुधाराव्या लागतील, आणि १९५८ पासून बैलगाडीपाशी थांबलेली गावाच्या अधिकारांची यादी पुढे न्यावी लागेल. दोन्ही कामे विधिमंडळाच्या हातची आहेत. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान पहिल्या कामाला हात घातला गेला, तर जुन्नर-आंबेगावचे ग्रामीण रस्ते त्याची साक्ष देतील.